राखणीचा दोरा

"...मग काच फुटणारच नाही, असं काही आहे का तुमच्याकडे? तेवढं सांगा. बाकीचं मला सगळं माहीत आहे."

फकिराने वर पाहिलं नाही. तो एक काळा दोरा अंगठ्याभोवती गुंडाळत होता.

"बाकीचं म्हणजे काय, साहेब?"

"बाकीचं म्हणजे गाडी कुठे लावायची, कशी लावायची, कुलूप कसलं घालायचं. हे मी लोकांना शिकवतो."

मधुसूदन खेडगीकर शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर ते सोसायटीचे चेअरमन झाले. त्यांच्या घरात मध्येच बोललेलं कोणाला माफ नव्हतं. त्यामुळे त्यांच्या घरात बोलणं लवकर संपायचं.

फकिराचं नाव दगडूशा. टेकडीवर पिराची कबर, कबरीशेजारी पत्र्याची एक खोली आणि खोलीपुढे लिंबाची सावली, एवढाच त्याचा तकिया. त्याचे गुडघे गेले होते. आमदार आले तरी तो बसल्या जागेवरून उठत नसे. "माझ्या ऐवजी लिंब उभा आहे," म्हणायचा.

खोलीला दार नव्हतं. खेडगीकरांनी ते आल्याआल्याच पाहून ठेवलं होतं, आणि त्यांना ते आवडलं नव्हतं.

"तुमचे जोडे कुठं आहेत?" फकिराने विचारलं.

"एक पायरीपाशी. दुसरा त्या चौथऱ्यामागे."

"का बरं?"

"एका पायाचा जोडा चोर नेत नाही."

"आणि चोर लंगडा असला तर?"

फकीर स्वतःच्याच विनोदावर हसला. खेडगीकर हसले नाहीत. त्यांनी मान वळवून टेकडीखाली पाहिलं.

इथून गाडी दिसत नव्हती. कड्याचा फुगवटा मध्ये येत होता. मैदानाचा एक कोपरा तेवढा दिसत होता. तो उन्हाने पांढरा पडला होता.

चैत्र संपत आला होता. उरुसाला अजून अवकाश होता, आजचा वारही गुरुवार नव्हता. टेकडीवर दुसरं कोणी नव्हतं, आणि खाली मैदानातही कोणी नव्हतं. खेडगीकरांनी मुद्दामच असा दिवस निवडला होता. गर्दी म्हणजे चोर.

खाली, त्या बंद गाडीत, मागच्या सीटवर त्यांची मुलगी बसली होती.

तिचं नाव शाल्मली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. गाडी लावल्यावर त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते एवढंच.

"मीही येते वर."

"आणि गाडी? रिकामी गाडी दिसली की चोर येतो. आत माणूस पाहिजे."

"मग काच जरा खाली ठेवा ना, बाबा. बोटभर."

"बोटभर फटीतून तार जाते. तार गेली की कुलूप गेलं."

"मग त्या चिंचेखाली तरी लावा. तिथे पाण्याचा रांजण आहे, सावली आहे..."

"रांजण आहे म्हणून तर नको. पाणी प्यायला लोक थांबतात. मोबाईल दे इकडे. काचेतून दिसतो. डिकीत ठेवतो. आणि हलू नकोस फार. आत हललं की भोंगा वाजतो."

"बाबा, मी..."

"आलोच मी. दोरा घेतला की आलोच."

किल्लीवरचं बटण दाबल्यावर गाडीने डोळे मिचकावले होते.

वर, लिंबाखाली, फकीर अजून दोराच गुंडाळत होता.

"कधीपासून भीती वाटते?" त्याने विचारलं.

"भीती नाही. मी सावध आहे."

"बरं. कधीपासून सावध आहात?"

खेडगीकरांनी पुन्हा टेकडीखाली पाहिलं.

"लग्नाला गेलो होतो. कार्यालयाबाहेर गाडी लावली. जेवून आलो तर मागची काच फुटलेली. सीटवर नुसता चुरा. हात घालून आतून दार उघडलं आणि पर्स नेली."

"कुणाची पर्स?"

"बायकोची."

"ती काय म्हणाली?"

"ती... ती त्याच्या आधीच गेली होती. वर्ष होत आलं होतं. पर्स तिथेच राहिली होती, मागच्या सीटवर. मी हलवली नव्हती."

"आत काय होतं?"

"काही नाही. कंगवा. चष्मा. खोकल्याच्या गोळ्या."

फकिराचं बोट दोऱ्यावर थांबलं.

वाऱ्याची झुळूक नव्हती. लिंबाचं पानही हलत नव्हतं...

"तेव्हापासून झोप नाही," खेडगीकर म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "पहाटे उठून खाली जातो. काचांवरून हात फिरवतो. कुठे बाटली फुटली, कुणाच्या हातून पेला पडला, तरी छातीत धस्स होतं. वाटतं, फुटली. पुन्हा काहीतरी नेलं."

"हं."

"म्हणून मी सगळं बदलून घेतलं." आवाज पुन्हा वर चढला. "आता कोणी काच फोडून हात घातला तरी दार आतून उघडत नाही. मेकॅनिककडून तसं करूनच घेतलं. फक्त किल्लीनेच उघडतं. किल्ली इथे." त्यांनी सदऱ्यावरून छातीवर हात ठेवला. "जानव्याला बांधली आहे. आणि आत पाखरू हललं तरी भोंगा वाजतो."

"आणि गाडी सावलीत लावता की उन्हात?"

"उन्हात. भर मैदानात. झाडाखाली चोर उभा राहिला तर वाटतं सावलीला थांबला असेल. उन्हात कोण थांबेल?"

"खरं आहे," फकीर म्हणाला. "उन्हात कोण थांबेल."

खेडगीकरांना बरं वाटलं. आपलं म्हणणं समजणारा माणूस पुष्कळ दिवसांनी भेटला होता.

"मग दोऱ्याची काय गरज, साहेब? एवढं सगळं केलंय तर?"

"तुम्हीच सांगा. एवढं करूनही आतलं थरथरणं थांबत नाही. आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात, दगडूशाचा दोरा बांधला की चोराचा हात पुढे येत नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण द्या."

"विश्वास नसला तरी चालतो," फकीर म्हणाला. "नाव मात्र घ्यावं लागतं."

"कुणाचं? पिराचं?"

"पिराचं मी घेतो. तुम्ही तुमच्या चीजांचं घ्या. गाडीत जे आहे, जे जाऊ नये असं वाटतं, त्याचं एकेक नाव. एका नावाला एक गाठ. दोरा मुका असतो, साहेब. त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्याचं नाव राहिलं, त्याची राखण राहिली. मग मला बोल लावायचा नाही."

"माझं काही राहत नाही," खेडगीकर म्हणाले.

ते ताठ बसले. शाळेत हजेरी घेताना बसत तसे.

"लॅपटॉप."

फकिराने गाठ मारली. मारताना ओठ हलवले.

"कॅमेरा."

गाठ.

"चामड्याची बॅग. डिकीत आहे, पण लिहा... म्हणजे, बांधा."

गाठ.

"स्टेपनी. हल्ली स्टेपनीही नेतात."

गाठ. फकीर घाई करत नव्हता. एक गाठ, एक फुंकर. खेडगीकरांच्या कपाळावरून घाम गालावर आला. सावलीतही गरम होत होतं. खाली मैदानावर हवा पाण्यासारखी हलताना दिसत होती.

"टेप. सीटचे कव्हर, नवीन आहेत. गॉगल."

"सावकाश. माझी बोटं म्हातारी आहेत."

"हवा भरायचा पंप. छत्री."

"छत्रीसुद्धा?"

"मुठीला चांदी आहे."

गाठ.

"डबा. स्टीलचा आहे, पण जुना, आता तसे मिळत नाहीत. पाण्याची बाटली..." खेडगीकर क्षणभर थांबले. "नाही, बाटली नको. ती मी वर आणली आहे."

बाटली त्यांच्या मांडीशीच होती. त्यांनी एक घोट घेतला.

"मोबाईल. डिकीत."

"तुमचा?"

"नाही, माझा खिशात आहे. तो दुसरा."

फकिराने मोबाईलची गाठ मारली. दोरा आता काळ्या मण्यांच्या माळेसारखा दिसत होता.

"झालं?"

"झालं."

"आठवा अजून."

खेडगीकरांनी डोळे मिटले. मनातल्या मनात गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या सीटवर पाहिलं, कप्प्यात पाहिलं, डिकीत पाहिलं. मागच्या सीटवर पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "काही राहिलं नाही."

तेवढ्यात खालून भोंगा वाजला.

खेडगीकर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "चोर..." एवढंच म्हणाले.

भोंगा वाजत राहिला. लांब, तुटक, पुन्हा लांब. एखादं जनावर अडकावं तसा. पायरीवरचे कावळे उडाले.

मग तो थांबला.

खेडगीकरांनी कान दिला. दुसरा काही आवाज आला नाही. काच फुटल्याचा नाही, पळणाऱ्या पावलांचा नाही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते खाली बसले. हसलेही.

"घाबरलो उगीच. काही नाही. ती हलली असेल."

"कोण ती?"

"मुलगी माझी. आत बसवली आहे ना, लक्ष ठेवायला. सांगितलं होतं हलू नकोस म्हणून. आता बसली गप्प."

फकिराने मान वर केली.

"गप्प बसली?"

"हो. भोंगा थांबला ना. हलणं थांबलं की..."

"काचा?"

"बंद."

"दार?"

"ते आतून उघडत नाही. तीच तर..."

खेडगीकर बोलता बोलता थांबले. त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं होतं.

...

आमदारासाठी न उठणारा फकीर उठला. भिंतीला हात न लावता उठला. त्याच्या पायात काही नव्हतं आणि पायऱ्या तापलेल्या होत्या. तो पायऱ्यांनी गेलाच नाही. कड्याच्या पायवाटेने, मुरमावरून घसरत, बसत, पुन्हा उठत खाली गेला. अंगठ्याला गुंडाळलेला दोरा सुटून त्याच्या मागे फरफटत होता.

खेडगीकर पायरीपाशी धावले. एक जोडा सापडला. दुसरा... दुसरा कुठे ठेवला होता? ते चौथऱ्याच्या डाव्या बाजूला गेले, मग उजव्या. अनवाणी पाय दगडावर पडला आणि त्यांनी तो झटकन उचलला.

मग त्यांनी जोडा शोधणं सोडलं. एका पायात जोडा, एक पाय उघडा, असे ते पायऱ्या उतरू लागले.

"शाल्मली!"

आवाज वरच राहिला. खाली पोचला नाही.

ते निम्म्यात असतील, तेव्हा काच फुटली.

वर्षभर त्यांना ज्या आवाजाची भीती वाटत होती, तोच आवाज. पुढची काच होती ती. लगेच भोंगा पुन्हा सुरू झाला. या वेळी थांबेनाच.

"काच..." खेडगीकरांच्या तोंडून निघून गेलं. ऐकायला कोणी नव्हतं. पण ते त्यांनी म्हटलं होतं.

मैदानात पोचले तेव्हा फकीर खांद्यापर्यंत आत होता. हातातला दगड बाजूला पडला होता. फुटलेल्या काचेतून हात घालून तो दाराची कडी ओढत होता. कडी हलत होती. दार हलत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे ते फक्त किल्लीने उघडत होतं.

"किल्ली!" फकीर ओरडला. "किल्ली आण!"

त्याने खेडगीकरांना अरे-तुरे केलं. खेडगीकरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी सदऱ्यात हात घातला. बोटं घामाने निसटत होती. पाकीटमारांना सुटू नये म्हणून त्यांनीच आवळून बांधलेली गाठ होती ती. ती सुटेना. त्यांनी हिसका दिला. जानवं तुटून किल्लीबरोबर हातात आलं.

चुकीचं बटण दाबलं. मग बरोबर.

दार उघडलं, तशी आतून भट्टीसारखी वाफ आली.

शाल्मली मागच्या सीटवर आडवी पडली होती. एक हात काचेकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता. काचेवर तिच्या तळव्याचे ठसे होते. एकावर एक. किती तरी.

फकिराने तिला काखेत धरलं. खेडगीकरांनी पाय धरले. दोन म्हातारी माणसं तिला ओढत चिंचेखाली घेऊन गेली.

रांजणातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मानेवर ओतलं. तळपायांवर ओतलं.

"लेकरा," फकीर म्हणाला. "ए लेकरा..."

काही नाही.

"बोल काहीतरी. शिवी दे. लेकरा..."

भोंगा वाजत होता. खेडगीकरांच्या मुठीत किल्ली होती. तो बंद करता येतो, हे त्यांना सुचत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना तिचं नाव घ्यायचं होतं. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता...

तिची पापणी हलली.

मग घसा हलला. ती एका अंगावर वळली आणि ओकली. फकिराने तिचे केस मागे धरले.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे सगळं. असंच."

बऱ्याच वेळाने ती चिंचेच्या खोडाला टेकून बसली. हातात पाण्याचा पेला होता. तो तिने कोणाला धरू दिला नाही.

खेडगीकरांनी भोंगा बंद केला. मैदान एकदम शांत झालं. आता काय करावं ते त्यांना कळेना. माणसाला कळेनासं झालं की तो सवयीचं करतो. ते गाडीपाशी गेले. चुऱ्यावरून वाकून आत पाहिलं. मागे जाऊन डिकी उघडून पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "सगळं आहे. काही गेलं नाही."

कोणाला सांगत होते कोण जाणे.

"नीट बघा, बाबा," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज खरवडून निघत होता. "छत्री आहे का?"

खेडगीकर डिकी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती लावली. हळू. आवाज होऊ न देता.

ते तिच्यापुढे येऊन उकिडवे बसले. उघड्या पायाच्या टाचेवर फोड आला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"चल," ते म्हणाले. "एसी लावतो. आधी दवाखान्यात जाऊ, मग घरी. चल, बाळा."

ती उठली नाही.

"काच फुटली आहे. आता हवा येईल," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा अनोळखी माणूस पत्ता विचारत जवळ यावा, तसं.

"दवाखान्यात मी जाईन," ती म्हणाली. "त्या गाडीत बसणार नाही."

"मग जाशील कशी?"

"फाट्यावर एसटी थांबते. बाबा, मी आत ओरडत होते. तुमचं नाव घेऊन ओरडत होते. काचा चांगल्या बसवल्यात तुम्ही. मलाच माझा आवाज मोठा येत होता."

...

खेडगीकर फकिराकडे वळले. फकीर मुळीवर बसून तळपायातला काचेचा तुकडा काढत होता. रक्त मुरमात जिरत होतं.

"बाबा, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल. मोठ्या माणसाने समजावलं तर..."

फकिराने तुकडा काढून बाजूला टाकला. मग अंगठ्याला अडकलेला दोरा सोडवला. त्याला माती लागली होती. गाठी तशाच होत्या, एकही सुटली नव्हती.

तो लंगडत आला. खेडगीकरांचा हात धरला, त्यांच्या तळव्यावर दोरा ठेवला आणि त्यांची मूठ मिटून दिली.

"न्या, साहेब. तुम्ही ज्याचं ज्याचं नाव घेतलं, ते सगळं गाडीत आहे."